शेजारच्या दाराशी काढलेल्या चपला

माझ्या समुपदेशनाच्या खोलीला लागूनच दातांचा दवाखाना आहे. माझ्याकडे येणारी बरीच माणसं चपला त्या दवाखान्याच्या दाराशी काढतात आणि अनवाणी माझ्याकडे येतात. जिन्यात कुणी ओळखीचं भेटलंच, तर दाढ दुखतेय असं वाटावं म्हणून.

मी मानसशास्त्र घेतलं तेव्हा आत्या म्हणाली होती, "नुसतं बोलायचे कोण पैसे देणार तुला?" आता लोक देतात, तर तीच म्हणते, "लोकांच्या दुःखाचे एवढे पैसे घेतेस?" शेजारच्या डॉक्टरांना हे कुणी विचारत नाही. दाढेचं दुखणं खरं आणि मनाचं तेवढं लाडाचं!

चांगले पैसे मिळतात म्हणूनही मी ही वाट धरली. हो, म्हणूनही. हे सांगताना मी आता आवाज खाली आणत नाही. ज्या कामाला लोक फुकटची सेवा समजतात, त्याच्या दाराशी चपला काढायचीसुद्धा त्यांना लाज वाटते, हे मी रोज बघते.

काल माझ्याकडे नेहमी येणारे एक सत्तरीचे काका आले. सवयीनं शेजारी चपला काढल्या, थबकले, परत उचलल्या आणि माझ्या दाराशी आणून नीट जोडून ठेवल्या.

"मॅडम," ते म्हणाले, "माझी तर अख्खी कवळी आहे. फसवतोय कुणाला मी?"

संध्याकाळी सुताराकडे जाऊन मी माझ्या दारासाठी चपलांचं स्टँड सांगून आले. चांगलं चार खणांचं.