वळचणीची काडी

“सोड! सोड ते! हात काढ आधी!”

राखणदार म्हातारा जपानीत ओरडत होता, पण दुसऱ्याच्या वळचणीला हात घालणाऱ्यावर ओरडायची भाषा जगभर एकच असते. या देशात आल्यापासून मोठा आवाज मी फक्त कंपनीच्या भोंग्याचा ऐकलेला. याचा आवाज असा, की समोरच्या डोंगराचं बर्फ सुटून आमच्या पायांवर यावं. शेकडो वर्षांचं गवती घर. दारात तिकीट, आत जायला वेगळ्या सपाता, कोपऱ्यात आगीचा बंब. आणि त्याच्या छपरातून उपसलेली एक काडी माझ्या हातात.

सोबत संतोष, माझा रूमपार्टनर, पिंपळे गुरवचा. त्याचा बाप लातूरहून आलेला, म्हणजे घर सोडण्यात हा माझ्या एक पिढी पुढं. तो म्हाताऱ्यापुढं स्प्रिंग बसवल्यागत वाकत होता आणि वाकता वाकता मला म्हणत होता, “भावा, दात कोरायला हीच काडी घावली व्हय रे?”

त्याला काय सांगणार! आमच्या गावात, निघोज्यात राहिलेल्यांनो आणि माझ्यासारखे बॅगा भरून गेलेल्यांनो, तुम्हालाच सांगतो.

आमच्या घरची एक रीत होती. कुणी लांबच्या गावाला निघालं, की आई त्याला वळचणीच्या गवतात एक काडी खोचायला लावायची. परत आलं की ज्याची त्यानं उपसायची, मगच उंबरा ओलांडायचा. मी विमानानं निघालो तोवर राहतं घर स्लॅबचं झालं होतं. जमीन कंपन्यांना गेली, तिचे दोन मजले झाले, मजल्यांवर भाडेकरू आले. आता स्लॅबमध्ये काडी खोचायची कशी? आई मला मागं गोठ्याकडं घेऊन गेली. तेवढंच छप्पर गवताचं उरलेलं. खाली म्हशीऐवजी भाडेकरूंच्या मोटारसायकली. बाहेर विमानतळाची गाडी हॉर्न मारून पार भोसरीपर्यंतची कुत्री भुंकवत होती. आई जागची हलली नाही.

“खोच. आलास की तूच काड. दुसऱ्या कुणाचा हात लागू द्यायची न्हाई मी.”

मी अशी खोचली, की पावसाळ्यात तिला पालवी फुटली असेल.

गावाला मी जो जपान सांगतो तो निराळा आहे. त्यात मी बुलेट ट्रेननं ड्यूटीला जातो आणि मला विचारल्याशिवाय साहेब चहाला तोंड लावत नाही. खरा जपान म्हणजे सायकल, प्रेसशॉप आणि खोली. चाकणला होतं तेच मशीन, तीच शिफ्ट, तोच कानात बसलेला दणका. घरी यायचं दरवर्षी ठरतं. कधी रजा मिळत नाही. कधी करार संपत आलेला असतो आणि गेलो तर परत घेतील का, या भीतीनं मीच गप्प बसतो.

म्हाताऱ्याचा राग उतरला. त्यानं काडी माझ्याकडून घेतली, अंगठ्यानं दाबून जागेवर बसवली आणि आम्हाला आत नेलं. मधोमध चूल धुमसत होती. धुरानं गवताला कीड लागत नाही, म्हणून तिथं कुणी राहत नसतानाही ती रोज पेटवतात. भिंतीवर फोटो: अख्खं गाव छपरावर चढून शाकारणी करतंय. आमच्या गोठ्यावर अशीच इर्जिक चढायची, खालून पेंढ्या, वरून शिव्या. त्यातले निम्मे आता कुठल्या ना कुठल्या गेटवर वॉचमन आहेत, आणि आमच्याच जुन्या बांधावर आम्हालाच गेटपास विचारतात.

डोळ्यांना पाणी आलं. संतोषला म्हटलं, धूर. तो चुलीकडं बघून म्हणाला, “राव, धूर तर तिकडं चाललाय.”

काडी का उपसली, ते तिथं कळलं. दारात पायताण काढलं, धुरकट गवताचा वास आला आणि हात आपला आपण वर गेला. हाताला वाटलं, आलो.

दोन मजले, भाडेकरू, गावाला विळखा घालून बसलेल्या कंपन्या, यातलं काहीच मला आता घर वाटत नाही. ती काडी तेवढी वाटते. ती तिथं आहे, म्हणून मी इथं पाहुणा. ती नसेल, तर मी इथला नाही आणि तिथलाही नाही.

बाहेर येऊन आईला फोन लावला. माझी गाडी नेहमीच्या रुळावर: आपल्या गोठ्यासारख्या घराला इथं तिकीट लावतात, राजे-रजवाडे रांगेत उभे राहतात, तू फक्त खुर्ची टाकून दारात बस. ती हूं हूं करत ऐकत होती. मग विचारलं, “आई, माझी काडी हाय ना जागेवर?”

“ते छप्पर काडलं की दिवाळीत. पत्रा टाकलाय,” आई म्हणाली. “गवत समदं पाणी तापवायला लावलं. लई दिस पुरलं.”