न हरवलेली बाई

नोकरीत माझ्या हातून बरीच हरवलेली माणसं सापडली. त्यांतली बहुतेक मी विसरले. एक बाई मात्र हरवलेलीच नव्हती, आणि तिलाच अजून विसरता येत नाही.

लातूर जिल्हा तेव्हा नवा होता. कार्यालयांच्या पाट्यांना अजून रंगाचा वास यायचा आणि आत बसायला पुरेशा खुर्च्या नसायच्या. त्यात दुष्काळाचं दुसरं वर्ष. मी मूळची उमरीची, शिक्षण नांदेडचं, आणि पोलीस उपनिरीक्षक म्हणून पहिली नेमणूक लातूरला. ठाण्यात मी एकटीच बाई, म्हणून हरवलेल्या बायकांच्या सगळ्या फायली माझ्या टेबलावर. मला त्याचा केवढा तोरा. टोपी किंचित तिरकी घालायचे आणि बोलताना छडी बुटावर आपटायचे. तेव्हाचा एक फोटो आहे. नात तो बघून पोट धरून हसते, आणि तिला रागवायला माझ्याकडे काही कारण नाही.

लातुरात टीव्ही दिसायला लागून थोडेच दिवस झाले होते. संध्याकाळी दिल्लीहून हरवलेल्या माणसांचे फोटो दाखवायचे. एकामागून एक चेहरे, प्रत्येकाच्या वाट्याला सहा-सात सेकंद. निवेदिका हिंदीत नाव, वय, गाव वाचायची. आपल्याकडची नावं तिच्या तोंडी अशी काही व्हायची की गावच्या माणसालाही आपलं गाव ओळखू येऊ नये. तरी लोक टक लावून बघत. आमच्या जिल्ह्यातून आपला एक फोटो तिथे झळकावा, अशी माझी फार इच्छा होती.

ती संधी घेऊन एक सासरा आला. मुरुडकडचा, पन्नाशीचा, डोक्याला पटका. सून चार दिवसांपासून बेपत्ता होती. मुलगा कामासाठी हैदराबादकडे गेलेला. विहिरीत पाहिलं का, हा आमचा नेहमीचा प्रश्न मी विचारला.

"कशात बघावं, बाईसाहेब? विहिरीत पाणी असलं तर माणूस पडंल."

आमचे ठाणे अंमलदार, म्हणजे नोंदी घेणारे जुने हवालदार, मान खाली घालून लिहीत होते. मी वर्णन विचारलं.

"गव्हाळ हाय."

"उंची?"

"बायकांची असती तेवढी."

"नाक कसं आहे?"

"नाक हाय की."

हवालदारांनी तेव्हा माझ्याकडे एकदा पाहिलं होतं. ते कशासाठी, हे कळायला मला पुढे आठ दिवस लागले. 'नाक हाय की' म्हणणाऱ्याने तो चेहरा कधी पाहिलेलाच नसतो. सून सासऱ्यासमोर पदर ओढून वावरते, ताट ठेवते आणि पाठमोरी होते. मी काही परदेशातून आले नव्हते. आमच्या घरीही हेच होतं. पण गणवेश अंगावर चढला की घरचं शहाणपण खुंटीला टांगून यायची माझी पद्धत होती.

त्याने एक फोटो काढला. मुरुडच्या बाजारात काढलेला, काळा-पांढरा. मागे पडद्यावर रंगवलेला कारंजा आणि पुढे दोन बायका खांद्याला खांदा लावून उभ्या. दोघी पाझर तलावाच्या दुष्काळी कामावर बरोबर होत्या, एवढंच त्याला ठाऊक होतं. त्याने मोठ्या काठाच्या लुगड्यावर बोट ठेवलं.

"ही आमची. लुगडं लग्नात मीच घेतलं व्हतं."

घरी सासू होती, जाऊ होती. त्यांना फोटो दाखवून खात्री करायची तर मुरुडला जाऊन यायला अर्धा दिवस गेला असता. मी फोटो मधोमध कापला, मोठा काठ पाकिटात घातला आणि अधीक्षक कार्यालयामार्फत दिल्लीला रवाना केला. कात्री चालवताना मी गुणगुणत होते, हेही मला आठवतं.

फोटो झळकला. ठाण्यात टीव्ही नव्हता. समोरच्या रेडिओच्या दुकानात काचेतून आम्ही सगळ्यांनी पाहिला. निवेदिकेने मुरुडचं काहीतरी 'मोरादा'सारखं केलं. मी दुकानदाराला चहा पाजला.

तिसऱ्या दिवशी सकाळी एक बाई ठाण्याच्या पायरीवर येऊन बसली. चाळिशीची, हातात गाठोडं, अंगावर मोठ्या काठाचं लुगडं. मी मान वर केली. फोटोतला चेहरा तोच होता. वय मात्र फायलीतल्या बाविशीचं नव्हतं.

"मी सापडले, माय," ती म्हणाली आणि हसली. "कोण शोधायलंय मला? भाऊ आलाय का त्यानं कागद पाठवलाय?"

ती बसस्थानकाजवळच्या खानावळीत भाकऱ्या थापायची. नवऱ्याने टाकल्याला बारा वर्षं झालेली, भावाच्या दारात न गेल्याला नऊ. भाऊ औशाजवळच्या खेड्यात राहायचा. लातूरहून औसा म्हणजे एसटीने तास-पाऊण तासाची वाट. मधल्या उन्हाळ्यात काही महिने ती मुरुडकडे दुष्काळी कामावर होती. खानावळीच्या मालकाने टीव्ही पाहून हाक मारली, "ताई, तू टीव्हीवर!" हाताचं पीठ न धुता ती बाहेर आली, तोवर कुटुंबनियोजनाची जाहिरात लागली होती.

"मला मी दिसलेच न्हाई," ती म्हणाली. "समद्यांनी बघितलं. नाव तेवढं चुकीचं सांगितलं म्हणत्यात. गावबी चुकलं. दिल्लीवाल्यांना आपली नावं कुठं येत्यात? तुम्ही नीट करून घ्या."

तिच्या डोक्यात सगळं बरोबर जुळलं होतं. नाव चुकलं, गाव चुकलं, वय चुकलं, पण चेहरा तर तिचाच होता. आणि टीव्हीवर चेहरा काही उगाच येत नाही. कुणीतरी ठाण्यात जाऊन सांगितल्याशिवाय येत नाही. हे तिला नीट ठाऊक होतं.

मला त्याच क्षणी सांगता आलं असतं. मी सांगितलं नाही. मी तिला बाकावर बसवलं, चहा मागवला आणि फोटोचा उरलेला अर्धा भाग पुढे ठेवला. माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठी बाई, पण मी तिला अगंतुगंच करत होते.

"ही कोण गं?"

तिने पाहिलं आणि नजर काढून घेतली. "व्हती कामावर."

"तुझ्या अंगावरचं लुगडं हिचं ना?"

"फोटोपुरतं दिलं व्हतं तिनं. माझं फाटकं, फोटोत फाटकं दिसंल म्हणली. मग ऱ्हाऊ दे म्हणली."

"कुठे आहे ती?"

"न्हाई सांगत. शबूद दिलाय तिला."

चौकशीत दरडावण्यापेक्षा गप्प बसणं जास्त कामाला येतं, हे प्रशिक्षणात शिकवलं होतं. मी गप्प बसले. ती चहा बशीत ओतून सावकाश प्यायली, बशी पुसून ठेवली. मी अजून गप्प. ती अजिबात अस्वस्थ झाली नाही. गप्प बसायची सवय तिला माझ्यापेक्षा जास्त होती. मग मी ते केलं.

"तू तिचा पत्ता सांग. मग मी तुला शोधणाऱ्याचं नाव सांगते."

ती बराच वेळ गाठोड्याच्या गाठीशी खेळत राहिली. शेवटी म्हणाली, "तिला मारणार न्हाईत ना?"

"नाही."

"परत सासरी घालणार न्हाईत ना? पोर न्हाई म्हणून तिच्या नवऱ्याचं दुसरं लगीन ठरवायलेत तिथं."

"तिची इच्छा नसेल तर नाही."

तिने सांगितलं. सून उमरीला मावशीकडे होती. माझ्याच गावी, स्टेशनपासून चार घरं टाकून. मी बिनतारी संदेश पाठवला. उमरी ठाण्याचं उत्तर दुपारच्या आत आलं: बाई सुखरूप, सज्ञान, स्वखुशीने आलेली, सासरी जायला नकार. सुनेने तसा जबाब दिला आणि तिथेच राहिली. हा शब्द तरी मी पाळला.

उत्तर येईपर्यंत ती बाई बाकावरच बसून होती. संदेश वाचून मी आनंदाने टेबलावर थाप मारली. मग तिच्याकडे वळले आणि सांगितलं. फोटो चुकला. सासऱ्याने लुगडं ओळखलं, चेहरा नाही. तुझी खबर कुणीच दिलेली नाही.

"कुणीच न्हाई?"

"नाही."

तिने रडावं अशी माझी अपेक्षा होती. त्यासाठी मी पाण्याचा पेलाही जवळ ओढून ठेवला होता. ती रडली नाही. लुगड्याचा काठ हातात धरून बघत राहिली.

"मग एकडाव दाखवा की. माझं नाव घालून."

"तसं दाखवत नाहीत. खबर देणारा लागतो."

"तुम्ही द्या."

"मी तुझी कोण?"

हे मी विचारलं. छडी टेबलावर होती, टोपी तिरकी होती.

"बरोबर हाय," ती म्हणाली.

तिने गाठोडं सोडून एक पुडी काढली. भाच्यांसाठी घेतलेल्या रेवड्या. "लेकरं मोठी झाली असतील आता. तुम्हीच खा." पुडी ठेवून ती गेली. आणि मी खाल्ल्या. हवालदारांना दिल्या, साहेबांनाही दिल्या. चार तासांत तपास पूर्ण केल्याबद्दल साहेबांनी पाठ थोपटली ती तोंडात रेवडी असतानाच.

मी तेव्हा भाड्याच्या एका खोलीत राहायचे. पोलीसबाई म्हणून शेजारच्या बायका चार हात लांब असत. टँकरच्या रांगेत मला पुढे जागा मिळायची, पण माझ्याशी कुणी बोलायचं नाही. त्या संध्याकाळी जेवताना मनात आलं, मी उद्या दिसले नाही तर खबर कोण देईल? ठाण्याच्या डायरीत गैरहजर म्हणून नोंद होईल, बस. मग ताट धुवायला पाणी किती काढावं याचा विचार करू लागले, आणि ते तिथेच राहिलं.

तीन महिन्यांनी मी खानावळीकडे गेले. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं. खानावळीला कुलूप होतं. पाणी विकत घेऊन धंदा परवडेना म्हणून मालकाने बंद केली होती. शेजारच्या पानवाल्याला विचारलं.

"भाकरीवाली ताई? गेली कुठंतरी. सांगून जायला तिला तरी कोण व्हतं इथं?"

मी औशाजवळच्या त्या खेड्यातही जाऊन आले. भावाने दार पूर्ण उघडलं नाही. आमच्याकडे नाही, म्हणाला. हे मात्र खरं बोलत होता.

दुसऱ्या दिवशी मी हवालदारांच्या पुढ्यात बसले आणि हरवल्याची खबर दिली. खबर देणारी म्हणून माझं नाव.

"नातं काय घालू, बाईसाहेब?"

"रिकामं ठेवा."

"रिकामं चालत न्हाई."

त्यांनी दौतीत टाक बुडवला आणि लिहिलं: बहीण. ती खोटी नोंद होती, आणि मी ती चालू दिली. नोकरीतली शेवटची खोटी नोंद होती असं मात्र म्हणणार नाही.

दिल्लीहून परत आलेला तोच फोटो पुन्हा पाठवला, दुसरा नव्हता. वरून पत्र आलं: सदर महिला यापूर्वी अन्य नावाने हरवलेली दाखवण्यात आली आहे, तरी एकच महिला दोन नावांनी कशी हरवली, याचा खुलासा करावा. मी दोन पानी खुलासा लिहिला. त्यात माझी चूक पहिल्याच ओळीत घातली. नंतर चुका मान्य करणं सोपं गेलं, कारण सर्वांत मोठी आधीच दिल्लीपर्यंत जाऊन आली होती.

फोटो पुन्हा दाखवला गेला. समोरच्या त्याच दुकानाबाहेर मी उभी होते. सहा सेकंद. निवेदिकेने या वेळी नाव नीट उच्चारलं. मी ठाण्यात परतून रोज पायरीकडे बघत राहिले. ती आली नाही, कुणीही आलं नाही. माझी बदली नांदेडला झाली तेव्हा फाईल तपासावरच होती.

त्या तपासाने मला दोन गोष्टी शिकवल्या. एक म्हणजे, ओळख पटवायला आलेल्या माणसाने तो चेहरा कधी पाहिला आहे का, हे आधी विचारावं. दुसरी सांगायला जरा अवघड आहे. दारात आलेल्या माणसाला काय हवं आहे हे कळलं, की त्याच्या बदल्यात काही मागण्याचा मोह होतो. मला तो झाला, आणि मी ज्याच्या बदल्यात पत्ता घेतला ते माझ्याकडे द्यायला नव्हतंच.

आठवणी लिहिताना कुणाचं नाव घालू नये, असा शिरस्ता आहे, म्हणून इथेही घातलेलं नाही. तिने कुठे हे वाचलं, तर ती हसून म्हणेल, समदं बरोबर हाय माय, नाव तेवढं पुन्हा ऱ्हायलं.