बिनशाईची अक्षरं

कामाच्या जागी निवांत वेळ मिळाला की माणसानं नवीन काहीतरी शिकून घ्यावं, असं हल्ली कोणी मला शहाणपणानं सांगितलं की माझं डोकं फिरतं. बोलणं खोटं नाही. पण सांगणाऱ्याला शिकताना कोणी अडवलेलं नसतं, हे त्याच्या तोंडावरच दिसतं. मी शिकले ते भामरागडला, एका पावसाळ्यात, आणि त्याबद्दल मला मेमो मिळाला.

गडचिरोली जिल्हा नुकताच वेगळा झाला होता. वरोऱ्याच्या आमच्या मोहल्ल्यात सरकारी नोकरीला लागलेली मी पहिली मुलगी. बाप कापसाच्या जिनिंगमध्ये हमाली करायचा. माझी ऑर्डर आली तेव्हा त्यानं ती विहारात नेली आणि येईल त्याला मोठ्यानं वाचायला लावली. तिच्यातली एक अट मात्र कोणी मोठ्यानं वाचली नाही. ठरलेल्या मुदतीत मराठी टायपिंगची परीक्षा पास व्हायची, मिनिटाला तीस शब्द, नाहीतर नोकरी गेली. वरोऱ्याच्या क्लासमध्ये जेमतेम बोटं कुठं ठेवायची ते कळलं होतं, तेवढ्यात नेमणूक भामरागडच्या वनखात्यात. तिथं कसला क्लास? मुदतीच्या आतली शेवटची परीक्षा दिवाळीनंतर चंद्रपूरला होती. म्हणजे शिकायला हातात होता तो फक्त पावसाळा.

पर्लकोटा नदी चढली की रस्ता बंद, टपाल बंद, जंगलातली कामंही बंद. आमचे साहेब पाऊस लागायच्या आधीच गडचिरोलीला मीटिंगला म्हणून गेले ते पावसाळाभर तिकडेच राहिले. टायपिस्ट रजेवर, नदीच्या पलीकडे. कार्यालयात उरलो मी, बडे बाबू म्हणजे आमचे हेडक्लार्क, आणि आणखी दोन बाबू. हजेरीवर सह्या झाल्या की ते तिघं टेबलं जोडून पत्ते कुटत बसायचे. मला चहा टाकायला सांगायचे. एकदा तर बडे बाबूंनी घरचे तांदूळ निवडायला आणून दिले, बाई रिकाम्याच तर आहेत म्हणून. पत्ते कुटणारे तिघं ड्युटीवर आणि मी रिकामी. आणि मी मुकाट्यानं निवडले ते तांदूळ, हे आठवलं की आजही अंगाचा तिळपापड होतो.

कोपऱ्यात टाईपरायटर झाकण घालून ठेवलेला होता. मी प्रॅक्टिसची परवानगी मागितली. बडे बाबू पत्त्यांतून मान वर न करता म्हणाले की रिबन झिजते, रिबन सरकारी आहे.

ठीक. टाईपरायटरला एक छोटा दांडा असतो. तो पांढऱ्या ठिपक्यावर ठेवला की रिबन वर येतच नाही. स्टेन्सिल कापताना तसं करतात. मी दांडा पांढऱ्यावर ठेवला, स्वतःचे कागद लावले आणि सुरू झाले. कागदावर अक्षर नाही, नुसते खळगे. पान संपलं की खिडकीशी नेऊन तिरकं धरायचं आणि उजेडात चुका शोधायच्या. ध, भ, श ही अक्षरं त्या यंत्रावर सरळ उमटत नाहीत. आधी अर्धं मारायचं, मग त्याला काना जोडायचा. माझा काना हमखास सुटायचा. पुस्तकातला एकच उतारा मी इतक्यांदा मारला, की भात कालवतानाही बोटं चालायला लागली.

हळूहळू वेग आला, तसा आवाजही वाढला. एका दुपारी बडे बाबू पत्ते टाकून उठले. त्यांनी रिबन ओढून पाहिली, ती जशीच्या तशी होती. कागद पाहिले, ते माझे होते. बोट ठेवायला काही सापडेना, तसे ते जास्तच चिडले.

"रिकामं बसाले कोनी नाई म्हनत नाई, बाई. पण मशीनले हात नोका लावू."

मी विचारलं, "काऊन?"

"तुमचं बरं आहे. कोट्यातून नोकरी भेटली, आता मशीनबी पायजे."

बाकीचे दोघे हसले. त्यांचं ते हसणं मी विसरलेले नाही आणि विसरणारही नाही. माझ्या बापानं पाठीवर गाठोडी वाहून मला मॅट्रिक केलं होतं, आणि हे तिघं दिवसभर राजा-राणी झेलत बसून माझी लायकी काढत होते. दुसऱ्या दिवशी सही केली आणि सरळ मशीनवर जाऊन बसले.

तिसऱ्या दिवशी मेमो निघाला. साहेब नसल्यानं बडे बाबूच त्यांच्या 'करिता' म्हणून सही करायचे. पण मेमो टाईप करायला टायपिस्ट नव्हता. तेव्हा त्यांनी हातानं लिहिलेला मसुदा माझ्याच पुढे टाकला आणि तीन प्रती मागितल्या. शरम कशाशी खातात, हे त्या माणसाला ठाऊक नव्हतं.

मी दांडा पांढऱ्यावरून काळ्यावर घेतला. कार्बन लावले. आपण कार्यालयीन वेळेत, परवानगीविना, शासकीय यंत्राचा खासगी कामासाठी वापर केला, आपल्यावर शिस्तभंगाची कारवाई का करू नये, याचा खुलासा तीन दिवसांत सादर करावा. शाईत उमटलेलं माझं पहिलं पान ते. 'शिस्तभंग' मधल्या श आणि भ दोन्हींचे काने जागेवर पडले. डोळ्यांत पाणी होतं, रागाचं, पण चूक एकही नव्हती.

खुलासा मी हातानं लिहून दिला. तो परत आला, टाईप करून द्या म्हणून. मग मात्र मला काय करायचं ते कळलं. मी तीन पानी खुलासा टाईप केला, मुद्देनिहाय. बडे बाबूंना पत्रव्यवहाराची भारी हौस, आणि काम तर काहीच नव्हतं. त्यांनी माझ्या मुद्द्यांना उत्तर म्हणून दुसरा मेमो लिहिला. तोही मीच टाईप केला. मी पुन्हा खुलासा दिला, आधीपेक्षा लांब. ते ओळीवर लाल पेन्सिल मारून परत पाठवायचे, मी पान नव्यानं मारायचे. नदी उतरेपर्यंत हेच चाललं. आता रिबनही झिजत होती आणि कागदही सरकारी होता, पण त्याबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही. पावसाळा संपताना बडे बाबूंनी मला लेखी ताकीद दिली. तीही मीच टाईप केली, आणि मधेच थांबून बोटांकडे पाहावं लागलं नाही.

दिवाळीनंतर चंद्रपूरला परीक्षा दिली. पास झाले. बापाला वरोऱ्याला पत्र टाकलं की नोकरी राहिली.

सर्टिफिकेट दाखवायला साहेबांच्या खोलीत गेले, तेव्हा बडे बाबू तिथंच बसलेले. साहेब खूश झाले. एवढ्या आडगावात कशी शिकलात म्हणून त्यांनी मला विचारलं, तर उत्तर बडे बाबूंनीच दिलं.

"पावसाळ्यात टाईम होता साहेब, मशीन होती. आपनच म्हटलं, शिकून घ्या बाई."

माझी कानशिलं तापली. साहेबांनी त्यांचं कौतुक केलं, वरिष्ठानं असंच सांभाळून घ्यावं म्हणाले, आणि माझ्याकडे वळून आनंदाचा चहा टाकायला सांगितलं.

मी जागची हलले नाही. साहेबांशी बोलायची माझी छाती तोवर कधी झाली नव्हती. त्या दिवशीही मी साहेबांकडे पाहिलं नाही, बडे बाबूंकडेच पाहिलं.

"स्टोव्ह तिथीच आहे, बडे बाबू. मी चहा नाई करत. मेमो द्याचा असन तर मसुदा द्या, आत्ताच टाईप करून देते."