दोराकाकांच्या फायलीतली एक ओळ

चहा बिनसाखरेचा, तोही अर्धा. दुधावरची साय बोटाने बाजूला. पुस्तक हातात आलं की नाव वाचण्याआधी पाठ उघडून शिलाई बघायची. फोनवर बोलताना उभं राहायचं. सिनेमा मध्यंतरापर्यंतच. रोज संध्याकाळी चार किलोमीटर चालायचं, पाऊस असो की ताप. कुणाची चूक सापडली की खोकायचं, बोलायचं नाही.

असे आमचे दोराकाका. हे नाव बाइंडिंगखान्यातल्या कटरवाल्याने ठेवलं होतं. माणूस होताच तसा. शर्ट घातलेला नव्हे, खांद्यांवर वाळत टाकलेला वाटायचा.

मी एम.ए.चा प्रबंध बाइंडिंगला नेला, तेव्हा त्यांनी पानं चाळली आणि खोकले.

"काय झालं?"

"काही नाही. एकशे बारानंतर एकशे चौदा आहे."

मधलं पान घरी राहिलं होतं.

"पळ. मी थांबतो."

धापा टाकत परत आले, तर अर्धा कप चहा माझ्यासाठी बशीखाली झाकलेला. तिथून आमचं जमलं. पुढची चार वर्षं, काम असो नसो, शनिवारची दुपार मी त्या खोलीत काढली. लांब टेबल, खळीचं भांडं, कोपऱ्यात कागद कापायचं यंत्र. सरसाचा वास आला की अजून माझे पाय थांबतात.

कटरवाला त्यांना सोडायचा नाही. "बाहेर दोरा, आत लोणी! सोनोग्राफीत निघालंय. चोरून काय खातो विचार त्याला."

"तू गप रे. तुझं आत-बाहेर सगळं लोणीच."

काका हसायचे. पण कान लाल व्हायचे.

ती सोनोग्राफी माझ्या ओळखीच्या आधीची. पोटात जड वाटतं म्हणून काका कामावरून थेट दवाखान्यात गेले होते. त्या दिवशी ते जुन्या पुठ्ठ्यांवरची सोनेरी अक्षरं स्पिरिटने पुसत होते. हात न धुताच गेले. यकृतात चरबी दिसली. समोर काडीसारखा माणूस, रक्तातली साखर नीट, आणि हातांना तो वास. डॉक्टरांनी काही विचारलं नाही. फायलीत लिहिलं, 'मद्यपान : नियमित.'

घरी ती फाईल आधी काकूंनी वाचली.

काकूंचे वडील दारूपायी गेले होते. लग्न ठरताना काकूंनी एकच वचन मागितलं होतं आणि काकांनी ते थेंबभरही मोडलं नव्हतं.

"डॉक्टर कशाला खोटं लिहितील?" काकू म्हणायच्या.

"मग मी खोटं बोलतो?"

"तुम्ही बोलता कुठे? खोकता."

तेव्हापासून साखर गेली, साय गेली, चालणं आलं. चरबी उतरली की काकूंची खात्री पटेल, एवढाच हिशेब. चरबी तसूभर हलली नाही.

गेल्या वर्षी नव्या डॉक्टरीणबाई आल्या. त्यांनी रक्त तपासून घेतलं. हिपॅटायटिस सी निघाला. मी काकांबरोबर होते.

"कधी रक्त चढवलं होतं?" बाईंनी विचारलं.

चढवलं होतं. तरुणपणी हात यंत्रात सापडला तेव्हा, दोन बाटल्या. त्या काळी या विषाणूची तपासणीच नसायची.

"पण चरबी कुठून आली? मी तर गवत खातो."

"विषाणूमुळे. तो यकृताच्या पेशीत घुसतो आणि तिच्याकडून जास्तीची चरबी बनवून घेतो. एरवी ती रक्तात बाहेर पडते. हा तीही अडवून धरतो. याच्या काही जातींत तर हे फारच होतं. त्याला ना दारू लागते, ना तूप."

काका विचारात पडले. "म्हणजे छापखान्यातून छापील कागदांचे फर्मे येतच राहतात, आणि बांधलेली पुस्तकं दाराबाहेर जात नाहीत."

"अगदी तसंच."

"मग खोली भरणारच!"

इतके खूश मी त्यांना कधी पाहिले नव्हते. बाई पुढेही बोलत होत्या. गोळ्यांनी विषाणू जाईल, पण यकृत वण पडून कडक झालंय, ते पहिल्यासारखं होईलच असं नाही. काकांनी ते ऐकलंच नाही. मी ऐकलं आणि विसरले.

घरी काकू कपड्यांच्या घड्या घालत होत्या.

"ऐकलंस का? विषाणू होता."

"ऐकलं. विषाणू होता म्हणजे दारू नव्हती, असं कुठे ठरतं?"

तीन महिन्यांत विषाणू गेला. एका शनिवारी काका म्हणाले, "तू साहित्यवाली. अर्ज लिही. ती ओळ खोडून घ्यायची."

मी दीड पान लिहिलं. त्यात 'अन्याय' होता, 'प्रतिष्ठा' होती. त्यांनी सगळं छाटलं. "जाड झालं की पाठ फुटते." तीन वाक्यं उरली. माझ्या फायलीत 'मद्यपान : नियमित' असे लिहिले आहे. मी कधीही दारू प्यालेलो नाही. कृपया ती ओळ खोडावी.

दवाखान्यातल्या कारकुनाने घरच्या माणसाची साक्ष मागितली. काकांनी आपल्या हाताने खाली लिहिलं, 'वरील मजकूर खरा आहे. पत्नीची सही,' आणि पट्टीने रेघ मारली.

पाच आठवडे तो अर्ज एका जुन्या पुस्तकात घालून ते रोज घरी न्यायचे, रोज परत आणायचे.

"काल तिचं डोकं दुखत होतं."

"काल पाहुणे होते."

"आण इकडे," कटरवाला म्हणाला, "मीच करतो बायको म्हणून सही." मग त्यालाच कसंतरी झालं. पुन्हा त्याने थट्टा केली नाही.

सहाव्या आठवड्यात, गुरुवारी दुपारी, टेबलापाशीच काकांना रक्ताची उलटी झाली. यकृत कडक झालं की आतल्या शिरा फुगतात, एखादी फुटते, असं बाई म्हणाल्या. संध्याकाळी काका नव्हते. हे वाक्य मी बरेचदा लिहून पाहिलं आहे. ते एवढंच होतं.

पंधरा दिवसांनी मी काकूंकडे गेले. टेबलावरच्या पुस्तकात राहिलेला अर्ज त्यांच्या हातात दिला, काकांनी तो किती दिवस बरोबर बाळगला ते सांगितलं. त्यांनी तो दोनदा वाचला.

"पाच आठवडे हा घरात येत-जात होता?"

"हो."

त्या उठल्या. फडताळातून पेन काढलं, टोपण उघडलं.

"आता घेतील का ते?"

मी आधीच विचारून आले होते. अर्जदार स्वतः हजर लागतो, कारकून म्हणाला होता. मी तसं सांगितलं.

काकूंनी टोपण लावलं. अर्ज त्यांच्याकडेच आहे. त्यावर काकांची सही आहे, खाली रेघ आहे, रेघेवर काही नाही. दवाखान्यातल्या फायलीत ती ओळ अजून तशीच आहे.