वाघ पळवणारी मुळी

सिंदेवाहीच्या आठवडी बाजारात एकजण वाघ पळवणारी मुळी विकत होता. मी दोन घेतल्या. एक दंडाला, एक सायकलला. उद्या पहाटे मोहफुलं वेचायला एकट्यानंच जाणार, असं विकणाऱ्याला सांगूनही टाकलं.

शेजारी उभ्या असलेल्या एका अनोळखी बाईंनी मुळी हुंगली, पदराला बोटं पुसली आणि विकणाऱ्याला म्हणाल्या,

"भाऊ, हे बांधून उद्या आमच्यासंग जंगलात या. पुढं तुमी चाला."

"मले नागपूरची गाडी पकडाची आहे," म्हणत तो पथारी गुंडाळू लागला.

बाई माझ्याकडे वळल्या. "बोलताना तो तुमच्या खिशाकडंच पाहे, तवाच मले शंका आली. वाघाले मुळी नाई दिसत भाऊ, एकटा माणूस दिसते. घोळक्यात या."

तेव्हापासून मी घोळक्यानंच जातो. सायकलची मुळी तेवढी ठेवली आहे. सायकलला अजून एकाही वाघानं हात लावलेला नाही.