पोरीच्या लग्नाचा बार

ऐन दुष्काळात फटाका वाजवणाऱ्या बाईला तुम्ही काय म्हणाल? फटाक्याच्या दारूचा वास आला की मला भूमचा तो आठवडी बाजार आठवतो. दुष्काळी कामं सुरू करा, ही मागणी घेऊन त्या दुपारी तहसीलवर जायचं होतं. मी सकाळपासून पत्रकं वाटत होतो आणि माणसं त्यांत तंबाखू बांधून पुढं जात होती. माझा नुसता जळफळाट चालला होता. शेजारी तेरखेड्याची एक फटाकेवाली बसली होती. दुष्काळामुळं लग्नं थांबलेली, म्हणून तिलाही गिऱ्हाईक नव्हतं. ती म्हणाली, "लेका, यास्नी वाचाया कुठं येतंय? तोंडानं सांग की!" "ऐकतंय कोण, मावशी?" "थांब जरा." स्वतःच्या पोरीच्या लग्नासाठी राखलेला मोठा बार तिनं मोकळ्या जागेत नेऊन पेटवला. अख्खा बाजार दचकून गोळा झाला. "लगीन कुणाचं गं?" एकानं टोमणा मारला. "तुझंच! आधी ह्यो काय सांगतोय ते ऐक." मी मोठ्यानं वाचलं, आणि माणसं माझ्याबरोबर तहसीलवर निघाली. आजही छापलेल्या पत्रकांचा गठ्ठा समोर आला की मला नुसता वाटत बसवत नाही. म्हणून सांगतो, हातातलं हे पानही वाचून घडी घालून ठेवू नका. वाचता न येणाऱ्या एकाला तरी आजच वाचून दाखवा.