औषधांच्या खोलीचं कुलूप

आमच्या ह्यांच्याबद्दल कोणी विचारलं की मी सांगते, माणूस नाकासमोर चालणारा. पुढे भिंत आली तरी नाकासमोरच! धंदा कुलपं करायचा आणि दुरुस्त करायचा. दुकान एवढंसं, की दोन माणसं बसली तर तिसऱ्याने उभं राहायचं. बाकाला घट्ट बसवलेला, काम जबड्यात पकडून धरणारा शेगडा, भिंतीवर कानशींची रांग, खाली पितळेचा भुगा. जेवायला बसले तरी ह्यांच्या नखांत पितळ चमकायचं, कितीही घासा.

ह्यांचा एक नियम होता, गुरूकडून आलेला. बंद कुलपाला हात लावायचा तर मालक समोर उभा हवा आणि त्याने वहीत सही करायला हवी. एकदा शेजारीण बाहेर अडकली, किल्ली आत, आणि शेगडीवर दूध. तर हे म्हणाले, घरमालक तुमचे यजमान, त्यांना बोलवा. ते बिचारे कामावरून धापा टाकत आले, सही केली, तोवर दुधाचा कोळसा आणि पातेल्याला भोक! आख्ख्या जिन्यात चार दिवस वास. लोक हसले, पण मोठमोठ्या घरांची कामं त्याच नियमामुळे मिळायची. ह्यांनी केलेलं कुलूप किल्लीशिवाय उघडत नाही, असं सगळे म्हणायचे. हे स्वतःही म्हणायचे, आणि मी तर फुशारकीने चारचौघींत सांगायचे.

आमच्या रस्त्याच्या टोकाला मोठ्या डॉक्टरांचा दवाखाना होता. तीन मजली, पांढरा, आत शिरलं की फिनेलचा वास. तिथल्या औषधांच्या खोलीला लोखंडी दार आणि त्याला ह्यांनी केलेलं कुलूप. किल्ली एकच, ती मॅनेजरकडे.

आमची मुलगी सहा वर्षांची होती. सतत काहीतरी तोंडात घालून पळायची, म्हणून तिला मुंगी म्हणायचो. तिला घटसर्प झाला. घसा आतून धरत चाललेला, श्वास घेताना शिट्टी वाजल्यासारखा आवाज. सरकारी इस्पितळ नदीपलीकडे, तिथे त्यावरचं इंजेक्शन संपलेलं. इथे, डॉक्टरांच्या दवाखान्यात, होतं. मॅनेजर म्हणाला, आधी अनामत भरा. माझ्या बांगड्या घेऊन हे धावले, पैसे आणले. येऊन पाहतात तो मॅनेजर किल्ली खिशात घालून पुतण्याच्या लग्नाला गेलेला, संध्याकाळी परत येणार होता.

नर्स चांगली होती हो. डोळ्यांत पाणी आणून म्हणाली, "तुम्हीच केलंय ना कुलूप? उघडा. मी सांगते पुढे काय ते."

हे दारासमोर उभे राहिले. मी मुंगीला मांडीवर घेऊन बाकावर बसले होते, सगळं दिसत होतं. ह्यांनी कुलपावर हात ठेवला आणि काढून घेतला. म्हणाले, "माझं कुलूप किल्लीशिवाय उघडत नाही. मलाही नाही." मग तसेच लग्नघर शोधायला पळाले.

मॅनेजर आला तेव्हा उशीर झाला होता. ह्यापेक्षा जास्त मला सांगवत नाही.

बावीस वर्षं मी त्या कुलपाला शिव्या दिल्या, मॅनेजरला दिल्या, मोठ्या डॉक्टरांच्या सात पिढ्यांना दिल्या. ह्यांना कधी नाही. माणसाच्या हातचं जेवढं होतं तेवढं त्याने केलं, असंच मी धरून चालले. रात्री कूस बदलताना ह्यांचा उसासा ऐकला की उलट मीच पाठीवर हात ठेवायचे.

मग तो कायद्याचा गोंधळ सुरू झाला. ठरावीक मर्यादेच्या वरची खाजगी मालमत्ता सरकारजमा करायची: गिरण्या, कोठारं, दवाखाने, सगळं. रेडिओवर तेच, नळावर तेच. माझा भाऊ छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायचा, तो संध्याकाळी दुकानात यायचा आणि दोघांची जुंपायची. ऐकणाऱ्यांची गर्दी व्हायची, कुलूप घ्यायला मात्र कोणी नाही!

"भावोजी, एकाच्या घरात बारा खोल्या आणि बाराजण एका खोलीत, हे चालायचं किती दिवस?"

"डॉक्टरांच्या वडिलांनी सायकलवर औषधं विकून तो दवाखाना उभा केला," हे कानस न थांबवता म्हणायचे. "कष्ट त्यांचे, आणि आयत्या बिळावर नागोबा तुम्ही."

"आणि विटा कोणी वाहिल्या?"

"त्यांना मजुरी दिली की!"

"त्या मजुरीत त्यांच्या पोराला तिथे खाट मिळते का?"

इथे ह्यांची कानस थांबायची. भाऊसुद्धा जीभ चावायचा, कारण मी आत चहा ओतत असायचे. मग हे हळूच म्हणायचे, "आज त्यांचं घ्याल, उद्या माझा शेगडा घ्याल. सुक्याबरोबर ओलंही जळतं. घ्यायचं ते रीतीने घ्या, एवढंच माझं म्हणणं."

खोटं कशाला बोलू, त्यांचं म्हणणं मला अगदीच वेडगळ वाटत नव्हतं. भावाच्या मंडळींत काही उंटावरचे शहाणेही होतेच. पण मला कोणी विचारलं तर माझं एकच उत्तर होतं. घ्या. तेवढा एक दवाखाना घ्या आणि ते लोखंडी दार माझ्यासमोर उघडा, मग बाकी काय करायचं ते करा.

कायदा झाला. दवाखाना सरकारजमा झाल्याचा कागद निघाला, तर डॉक्टरांच्या मुलांनी सगळी दारं बंद केली, किल्ल्या घेतल्या आणि परदेशी निघून गेले. दुपारी अधिकारीणबाई माणसं घेऊन आल्या. बाहेरची दारं पहारीने निघाली. औषधांच्या खोलीशी घोडं अडलं. दार गॅसने कापायचं तर आतली औषधं भाजून निघायची, आणि बाहेर तर आजारी माणसांची रांग लागलेली. बाईंनी ह्यांना बोलावलं.

मी डबा घेऊन दुकानात निघाले होते, तशीच मागोमाग गेले. बावीस वर्षांनी त्या बाकासमोर उभी राहिले. गर्दीत भाऊ होता, त्याने माझा हात धरला. मला वाटलं, हे म्हणतील, किल्लीशिवाय उघडत नाही. मी मनातल्या मनात बाईंना सांगतही होते, कापा हो, कापून टाका.

ह्यांनी विचारलं, "मालक कोण?"

"सरकार," बाई म्हणाल्या. "म्हणजे तुम्ही-आम्ही सगळेच."

"सगळे सही कशी करणार? एकाची लागेल."

लोक चिडले. कोणीतरी ओरडलं, "शेठजींचा कुत्रा!" भावाने मान खाली घातली. बाई मात्र शांत. त्यांनी कागद पुढे केला. ह्यांनी चष्मा लावून तो दोनदा वाचला, शिक्का बोटाने चाचपला. मग पिशवीतून वही काढली, बाईंची सही घेतली, तारीख घातली. आणि कापडी गुंडाळीतून दोन वाकवलेल्या तारा काढल्या.

डबा कलला होता म्हणून मी त्याचं झाकण घट्ट करायला वाकले. झाकण बसेपर्यंत तिकडे कट्ट असा आवाज झाला. मान वर केली तर दार उघडलेलं.

टाळ्या पडल्या. मघाशी कुत्रा म्हणणाराच ह्यांना खांद्यावर घ्यायला निघाला. भाऊ रडत होता, "ताई, उघडलं गं, आपलं झालं!" म्हणत होता. लोक आत शिरले, बाटल्या, पेट्या बाहेर येऊ लागल्या. मी मात्र त्या दोन तारांकडे बघत होते.

ह्यांनी मागे वळून पाहिलं. मी तिथे आहे हे त्यांना माहीतच नव्हतं. मला पाहिलं आणि चेहरा असा पडला, की मला विचारायची गरजच उरली नाही.

गर्दी आत गेली, आम्ही दोघंच त्या बाकाशी राहिलो.

"तेव्हाही उघडता येत होतं?" तरी मी विचारलं.

"हो."

"अहो, बाकावर मी तिला घेऊन बसले होते!"

"तेव्हा मालक दुसरा होता गं," हे म्हणाले. "सही नव्हती. उघडलं असतं तर चोर ठरलो असतो, पुन्हा कोणी दारात उभं केलं नसतं. वाटलं, मॅनेजर सापडेल. वाटलं, तेवढा वेळ आहे."

"औषध डॉक्टरांचं, खोली डॉक्टरांची, कुलूपही डॉक्टरांचं," मी म्हटलं. "आणि पोर कोणाची होती?"

हे बाकावर बसले. तारा हातातच होत्या. म्हणाले, "तिच्यासाठी सही लागत नव्हती. हे मला त्याच संध्याकाळी कळलं. तुला सांगायचं धाडस झालं नाही."

आतून भाऊ हाका मारत होता, पहिली पेटी ताईच्या हाताने बाहेर येऊ दे म्हणून. मी डबा ह्यांच्या शेजारी बाकावर ठेवला आणि आत गेले.